दोन इंच लिफ्ट आणि तेहतीस इंची टायर: नाशिकच्या एका थारचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी महिंद्राची, २०२० नंतरची नवी थार, डिझेल, मॅन्युअल, हार्डटॉप, एलएक्स. मालक पस्तिशीतला, राहायला गंगापूर रोडला, शेती दिंडोरी तालुक्यात, द्राक्षबाग. ओळख पटेल असं यापेक्षा जास्त लिहीत नाही आणि एकदोन तपशील मुद्दाम बदललेत. गाडीचा वापर असा की आठवड्यातून तीनचारदा शेतावर, मधूनमधून आईला दवाखान्यात, लग्नकार्य, मुंबईला कसारा घाटातून ये-जा, आणि पावसाळा सुरू झाला की शनिवार-रविवारी मित्रांबरोबर पहिने, वैतरणा, पेठ, सुरगाणा या बाजूला कच्च्यात. म्हणजे निम्म्याहून कितीतरी जास्त किलोमीटर डांबरावरचेच. हे वाक्य पुढे चारपाच वेळा कामाला आलं.

अजून एक गोष्ट म्हणजे ही थार बनते नाशिकमध्येच, त्यामुळे इथे प्रत्येकाचा कोणीतरी चुलतभाऊ नाहीतर शेजारी कंपनीत असतो आणि प्रत्येकाकडे थारबद्दल पक्कं मत असतं. सल्ल्याची कमी नव्हती.

कंपनीकडून ही गाडी आली ती २५५/६५ आर १८ टायरवर (२५५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ६५ टक्के बाजूची उंची, १८ इंची रिम), ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर, पुढे डबल विशबोन म्हणजे दोन्ही चाकं स्वतंत्र, मागे अख्खा ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर, आणि कॉइल स्प्रिंग. मागचा अख्खा ॲक्सल लक्षात ठेवा, सगळं प्रकरण त्याच्याभोवतीच फिरतं.

अडचण

मालकाच्या तक्रारी तीन. एक, पावसात शेताच्या वाटेवर ट्रॅक्टरने चाकोऱ्या पाडलेल्या असतात, त्यात गाडी मधल्या उंचवट्यावर बसते. दोन, वैतरणेकडच्या दगडात खालून घासते, आवाज ऐकून जीव वरखाली होतो. तीन, काळ्या दगडाच्या धारेवर एक टायर बाजूने कापला गेला आणि बाजूचा काप म्हणजे पंक्चरवालाही हात जोडतो.

चौथी तक्रार तोंडाने कोणी सांगितली नाही पण सगळ्यांना माहीत होती. ग्रुपमधल्या एका मित्राने दोन इंच लिफ्ट करून, म्हणजे सस्पेन्शन बदलून गाडी तेवढी उचलून, २८५/७० आर १७ चे मड टायर घातले होते, ज्याला सगळे सरसकट तेहतीस इंची म्हणतात, आणि ती गाडी शेजारी उभी राहिली की याची थार धाकट्या भावासारखी दिसायची. दिसण्यासाठी गाडी उंच करणं यात मला काही गैर वाटत नाही, पैसा ज्याचा त्याचा. फक्त कारण तेच असेल तर तसं सांगावं, म्हणजे तीच कामं अर्ध्या कटकटीत होतात.

एका दुकानातून कोटेशन आलेलं होतं, पुढे स्पेसर, मागे उंच स्प्रिंग, पाच मड टायर, पाच ॲलॉय. ॲडव्हान्स द्यायचा बाकी होता. त्याआधी एकदा बघून घेऊ म्हणून गाडी अंबडला एका जुन्या सस्पेन्शनवाल्या चाचांच्या गॅरेजला आणली, मोजमाप आणि आकडेमोड माझ्याकडे होती.

गाडीखाली काय दिसलं

चाचांनी कोटेशन हातात घेतलंच नाही. म्हणाले, "दादा, आधी पोट बघू, मग उंची." गाडी रॅम्पवर घेतली, खालचं सगळं पाण्याने धुतलं, वाळू दिलं आणि मग घरात भिंतीला लावतात तो चुना पातळ कालवून ब्रशने खालच्या प्रत्येक बाहेर आलेल्या भागावर फासला. पुढची स्किड प्लेट (पोटाखालचा संरक्षक पत्रा), दोन्ही फूटस्टेप, मागच्या ॲक्सलचा मधला गोळा (डिफरन्शियल, म्हणजे ताकद दोन चाकांत वाटणारे गिअर), खालच्या आर्मचे ब्रॅकेट, टो हूक, सगळं पांढरं. मग सांगितलं की जिथे घासते तिथेच नेहमीच्या वाटेने जाऊन या, पाण्यात घालू नका.

परत आल्यावर रॅम्पवर टॉर्च मारून बघितलं. पुढच्या स्किड प्लेटवर चुना जवळपास जसाच्या तसा. दोन्ही फूटस्टेपच्या खालच्या कडेचा चुना पार खरवडलेला, डावीकडे तर पत्राही दबलेला. मागच्या गोळ्याचा तळ घासून चकचकीत, त्याच्या पुढच्या तोंडावर माती दाबून बसलेली. आणि मागच्या खालच्या आर्मच्या ब्रॅकेटवर, जिथे ते ॲक्सलला जोडलेत तिथे, दगडाचे ताजे ओरखडे.

इथे सगळं गणित बदललं, कारण लिफ्ट केली की वर जाते ती चॅसी आणि बॉडी. पुढचा डिफरन्शियल चॅसीला टांगलेला असतो म्हणून तो बरोबर वर जातो. मागचा गोळा मात्र ॲक्सलचाच भाग आहे आणि ॲक्सल चाकांवर बसलेला, त्यामुळे स्प्रिंग दोन इंचाची घाला नाहीतर सहा इंचाची, गोळा जमिनीपासून होता तेवढाच राहतो. तो वर न्यायचा तर टायरचा व्यास वाढवावा लागतो, आणि व्यास जेवढा वाढेल त्याच्या निम्माच गोळा वर जातो. ब्रॅकेटचंही तेच. म्हणजे जिथे जिथे चुना गेला होता त्यापैकी लिफ्टने सुटणारी जागा एकच, फूटस्टेप. आणि फूटस्टेप काढूनही टाकता येतात.

दुसरी गोष्ट मागच्या बाजूच्या वजनाची. गाडीत कायम टूलबॉक्स, कॉम्प्रेसर, पट्टे, शॅकल, पाण्याचे दोन कॅन, आणि हंगामात वर द्राक्षांचे क्रेट. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजलं तर भरलेल्या गाडीत मागचा भाग रिकाम्यापेक्षा जवळपास दीड इंच खाली. म्हणजे दोन इंच वर जायला निघालेला माणूस दीड इंच आधीच सामानात घालवून बसलेला.

हवेची गोष्ट

हवा तर कोणी बघितलीच नव्हती. मालक पंपावर ३५ भरायचा आणि तीच हवा घेऊन चिखलात शिरायचा. चाचांनी पहिन्याच्या बाजूच्या एका मुरमाड चढावर, जिथे ही गाडी नेहमी घसरून परत यायची, चारही टायर २० वर आणायला लावले. त्याच टायरवर, त्याच ड्रायव्हरने, लो रेंजमध्ये, म्हणजे फोर व्हीलच्या जास्त जोराच्या हळू गिअरमध्ये, गाडी वर नेली. दिमाखात नाही गेली, मध्ये एकदा फिरलं चाक, पण गेली. मालकाचा चेहरा बघण्यासारखा झाला, कारण इतके महिने ज्या चढाचं नाव काढून तो तेहतीस इंचीचं समर्थन करत होता तो चढच हातातून निसटला. (परत डांबरावर येताना हवा भरायची असते, कमी हवेवर ऐंशीने गाडी हाणली तर टायर आतून तापून फुटतो.)

पर्याय

कोटेशनमधला पर्याय आधी घेतो. २८५/७० आर १७ चा व्यास साधारण ८३१ मिलिमीटर, मूळ टायरचा ७८९. फरक ४२, म्हणजे गोळा २१ मिलिमीटर वर. हा खरा फायदा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही, चाकोरीत २१ मिलिमीटरने फरक पडतो. किंमत अशी की गिअरिंग पाचेक टक्क्यांनी लांबतं, स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी आधीपेक्षा पाच टक्के जोरात असते, प्रत्येक चाक काही किलोने जड होतं आणि ते वजन स्प्रिंगच्या खालचं असल्यामुळे ब्रेक, शॉकअप, स्टिअरिंग सगळ्यांना जाणवतं, पाचवी स्टेपनी मागच्या दारावर लटकते तिच्या बिजागऱ्या वेगळ्या, आणि मड टायर ओल्या डांबरावर ॲटी (ऑल टेरेन, डांबर आणि कच्चं दोन्हीसाठीच्या) टायरएवढे धरत नाहीत. कसारा घाट, जुलै महिना, समोर कंटेनर, मागे आई बसलेली, याचा विचार करून बघा.

पुढच्या स्पेसरबद्दल माझं मत आधीपासून वाईट आहे. स्पेसर म्हणजे स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअपच्या एकत्र जोडीच्या) डोक्यावर बसवायची जाड चकती, स्प्रिंग तीच, शॉकअप तोच, प्रवासही तेवढाच, फक्त सगळं खाली ढकललेलं. स्ट्रट खालच्या आर्मच्या मध्ये कुठेतरी बसलेला असल्यामुळे चकतीची जाडी चाकापाशी गुणाकार होऊन येते, साधारण इंच-सव्वा इंचाच्या चकतीने चाकापाशी दोन इंच मिळतात. पण मग सीव्ही जॉइंट, म्हणजे पुढच्या चाकाला ताकद पोचवणारा सांधा, कायम तिरका फिरतो, त्याचं रबरी बूट लवकर फाटतं, वरचा बॉल जॉइंट खड्ड्यात चाक लोंबलं की शेवटच्या टोकाला जातो आणि अलायमेंटवाल्याला कॅम्बर-कॅस्टर म्हणजे चाकांचे कोन जागेवर आणता येत नाही जोवर वरचे आर्म बदलत नाहीत. मागच्या बाजूला पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा) तसाच ठेवला तर ॲक्सल एका अंगाला सरकतो. नीट करायचं तर स्प्रिंग, शॉकअप, वरचे आर्म, ॲडजस्टेबल रॉड, बंप स्टॉप, ब्रेकचे पाइप असं सगळं आलं, आणि कोटेशनमध्ये यातलं काहीच नव्हतं, नुसती चकती होती.

मधला पर्याय २६५/७० आर १७. व्यास ८०३, गोळा फक्त ७ मिलिमीटर वर, पण साइडवॉल, म्हणजे टायरच्या बाजूची उंची, मूळच्या १६६ वरून १८५ च्या आसपास जाते, हवा कमी करायला जागा मिळते, दगडाचा मार रिमपर्यंत पोचत नाही. व्यासातला फरक दोन टक्क्यांच्या आत, लिफ्ट न करता बसतो. मला म्हणाल तर तांत्रिकदृष्ट्या हाच.

आणि शेवटचा, जो कोणी सुचवला तेव्हा मालक उठून चहा सांगायला गेला, तो म्हणजे २४५/७५ आर १६. याच थारच्या एएक्स मॉडेलला कंपनीने हाच साइज दिला होता. साइडवॉल १८४, पण व्यास ७७४, म्हणजे गोळा सात मिलिमीटरने खाली! "पैसे देऊन गाडी बसवायची का चाचा?" असं त्याने चहा देता देता विचारलं, आणि प्रश्न रास्त होता.

कायदा आणि विमा

हा भाग आपल्याकडे हसण्यावारी नेतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरचा तपशील वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए प्रमाणे परवानगी नसलेल्या बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रस्त्यावर पोलीस टेप घेऊन उभा नसतो हे मान्य. पण मालकाचा मेहुणा विम्याच्या कामात आहे, त्याने एकच गोष्ट सांगितली की मोठा अपघात झाला तर सर्व्हेअर टायरवरचा आकडा वाचतो, फोटो काढतो, आणि मग तू सांगत बस. गाडीवर बँकेचं कर्ज होतं. थर्ड पार्टीचं म्हणजे समोरच्याचं नुकसान आपल्या अंगावर आलं तर प्रकरण बाग विकण्यापर्यंत जाईल ही भीती बायकोने बोलून दाखवली आणि तिथे २८५ चा विषय संपला, आकडेमोडीने नाही संपला.

२६५ आणि २४५ यात मात्र खरी ओढाताण झाली. सात वर की सात खाली, मध्ये अंतर चौदा मिलिमीटरचं, बोटाच्या रुंदीएवढं. मी २६५ च्या बाजूने होतो. मेहुणा म्हणाला याच मॉडेलवर कंपनीने दिलेला साइज असला तर विमा कंपनीसमोर निदान बोलायला तोंड राहतं. शेवटी मालकाने २४५ निवडला, आणि कारण दिलं की कर्ज फिटेपर्यंत झोप लागली पाहिजे.

काय केलं

पहिलं काम गाडीवर झालंच नाही. शेताच्या वाटेवर चार ट्रॉल्या मुरूम टाकून ट्रॅक्टरच्या फावड्याने मधला उंचवटा सपाट केला. वर्षानुवर्षं ज्या वाटेसाठी गाडी उंच करायची चर्चा चालली होती ती वाट दुपारी जेवणाच्या आत उरकली. मालकाच्या वडिलांनी विचारलं, हे आधी का नाही सुचलं, त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं.

मग फूटस्टेप काढल्या. त्याजागी अंबडमध्येच एका फॅब्रिकेटरकडून जाड पाइपचे रॉक स्लायडर करून घेतले, चॅसीला नटबोल्टने धरलेले, दोन्ही मिळून चाळीस किलोच्या आसपास वजन, वरून सपाट पट्टी म्हणजे पाय ठेवता यावा. पण ते जुन्या फूटस्टेपपेक्षा दोनेक इंच वर बसले आणि आईचे गुडघे दुखतात, तिचा पाय तिथे पोचेना. हा मुद्दा कागदावर कोणी धरला नव्हता. शेवटी मागच्या सीटमागे प्लॅस्टिकचा छोटा स्टूल कायमचा आला. तिचं म्हणणं, एवढे पैसे घालून शेवटी स्टूलच ना.

मागे वजन पेलणाऱ्या थोड्या कडक स्प्रिंग घातल्या, रिकाम्या गाडीत इंचभर उंची वाढली, भरल्यावर मूळ पातळीच्या जवळ. पुढे हात लावला नाही. इंचभर फरकाने पॅनहार्ड रॉडमुळे ॲक्सल काही मिलिमीटर सरकतो, ते मोजून तसंच ठेवलं, कारण सामान भरल्यावर तो परत मध्यावर येतो. मागून उंची वाढली की हेडलाइट खाली झुकतो, तो नीट करून घेतला.

टायर घेताना आधी एकच १६ ची रिम आणून पुढे बसवून बघितली, ब्रेकचा कॅलिपर आणि रिममध्ये बोट फिरेल एवढी फट आहे का ते हाताने चाक फिरवून तपासलं, मगच बाकीच्या मागवल्या. हे रिम सगळ्या घेऊन झाल्यावर करणारे लोक बघितलेत म्हणून लिहितोय. टायर पाच घेतले, चार नाही. थारचं फोर व्हील ड्राइव्ह पार्ट टाइम आहे, मधला डिफरन्शियल नाही, लिव्हर टाकला की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकत्र बांधले जातात, मग एका ॲक्सलवर वेगळ्या व्यासाची स्टेपनी असेल तर तो फरक गिअरबॉक्स आणि शाफ्ट सोसतात. जुनी स्टेपनी ठेवून पैसे वाचवायचा मोह झाला होता. पॅटर्न ॲटी, मड नाही. विमा कंपनीला सगळ्या बदलांचा मेल करून पोच घेतली.

निकाल

दगडातलं घासणं जवळपास थांबलं. स्लायडर दगडावर टेकतो, आवाज करतो, गाडी त्याच्यावरून सरकून पुढे जाते, फूटस्टेपसारखा दबत नाही. टायरला बाजूचा काप परत बसलेला नाही, कच्च्यात हवा १८-२० वर आणायची सवय लागली. ओल्या डांबरावर गाडी आधीसारखीच थांबते. शेतावर पूर्ण पावसाळा गाडी अडकली नाही, पण ते श्रेय मुरमाचं.

गोळा मात्र अजून घासतो, आणि घासणारच, सात मिलिमीटर खाली गेलाय. वैतरणेच्या बाजूला एका खोल चाकोरीत मित्राची तेहतीस इंचीवाली गाडी सरळ निघून गेली आणि ही तिथे गोळ्यावर बसली, पट्टा लावून ओढावी लागली. मित्र आठवडाभर बोलत होता. मोठ्या टायरची गाडी तिथे खरोखर जाते, ज्याला शनिवार-रविवार तेच करायचंय आणि गाडी घरातली दुसरी आहे त्याच्यासाठी हा निर्णय वेगळा पडला असता.

सगळ्यात फसलेली गोष्ट म्हणजे मागच्या स्प्रिंग. हंगामात क्रेट भरलेले असताना झकास चालते. पण हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल, बाकी वर्षभर गाडी बहुतेक रिकामी, आणि रिकामी असताना मागची बाजू प्रत्येक गतिरोधकावर उडते. दिंडोरी रोडने मागे बसून आल्यावर आईने सांगितलं, यापेक्षा आपला ट्रॅक्टर बरा.

पुन्हा करायचं झालं तर

स्प्रिंग घ्यायच्या आधी गाडी काट्यावर न्यायची. द्राक्षाच्या पट्ट्यात वजनकाटे रस्त्यारस्त्याला आहेत, मागची चाकं तेवढी काट्यावर घेऊन एकदा रिकामी आणि एकदा भरलेली असं वजन केलं असतं तर कळलं असतं की कायमचा भार किती आणि हंगामाचा किती. कायमच्या सामानातला निम्मा कचरा नंतर काढून टाकला, दुसरा जॅक, गंजलेली साखळी, न वापरलेला तंबू, आणि तो आधी काढला असता तर मूळ स्प्रिंगवरच काम भागलं असतं असं चाचांचं मत आहे. माझंही तेच.

कामंही टप्प्याटप्प्याने करायला हवी होती. हवा आणि मुरूम हे दोन उपाय फुकटात नाहीतर फुकटाच्या जवळ होते, त्यानंतर एक पावसाळा थांबून मग खिशात हात घालायला हवा होता, पण सगळं एकाच महिन्यात केल्यामुळे कशाने किती फरक पडला हे आता सांगता येत नाही. चुन्याची चाचणी कामं झाल्यावर परत केली, हे बरं केलं.

आईला गॅरेजमध्ये आणून स्लायडर पक्के करायच्या आधी एकदा पाय ठेवून बघायला लावणं, एवढं सहज शक्य होतं.

मालक आता मूळ स्प्रिंग परत घालायच्या विचारात आहे, त्या घरी पत्र्याच्या शेडमध्ये पडून आहेत. जुने पाच टायर आणि १८ च्या रिम अजून विकल्या गेल्या नाहीत, गिऱ्हाईक येतं ते चारच मागतं. कर्ज संपेल तोवर हे ॲटी टायरही झिजत आलेले असतील, तेव्हा २६५/७० आर १७ घ्यायचं त्याच्या मनात आहे, आणि मेहुण्याने आत्ताच सांगून ठेवलंय की तेव्हाही विमा कंपनीला आधी लेखी विचार.